सेकंदाला १३ स्वर आणि तारेची अडचण

गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. 'जगातला सर्वात वेगवान व्हायोलिनवादक! शेवटपर्यंत बघाच!!' शेवटपर्यंत बघायला कष्ट नव्हते, सगळा कारभार मिनिटभरात आटोपतो. खाली अंगठे, नमस्कार, फुलं. आणि एका काकांचा अभिप्राय : "तयारी जबरदस्त, पण दाणेदार नाही." मला व्हिडिओपेक्षा तो अभिप्राय जास्त आवडला. आपल्याकडे तान ऐकणाऱ्याच्या तोंडी स्पष्टतेसाठी हा नेमका शब्द असतो. भात मोकळा झालाय की गिचका, हे शीत दाबून न बघताही कळतं, तसंच हे. पण वेग वाढला की भात गिचका का होतो? बहुतेक जण उत्तर बोटांत शोधतात. मला ते तारेत सापडतं.

आधी आकडे. अशा व्हिडिओंत बहुधा रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हची 'भुंग्याचं उड्डाण' ही चीज असते. ती १९०० साली मॉस्कोत रंगमंचावर आलेल्या एका ऑपेरातली, मुळात पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली. २००८ साली डेव्हिड गॅरेट या व्हायोलिनवादकानं ती साधारण ६५ सेकंदांत वाजवून विक्रम केला. म्हणजे सेकंदाला सुमारे १३ स्वर. हजाराला तेरानं भागा : एका स्वराच्या वाट्याला ७७ मिलिसेकंद येतात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता या ७७ मिलिसेकंदांत तारेला काय काय करावं लागतं ते पाहू. लेखाचा जीव इथेच आहे, तेव्हा इथे मी जरा रेंगाळणार.

गज तारेवरून गुळगुळीत सरकतो, असं दिसतं. तसं काही होत नसतं. गजाच्या घोड्याच्या केसांना राळ लावलेली असते. तार त्या केसांना चिकटते, त्यांच्याबरोबर ओढली जाते, ताण असह्य झाला की सुटते, झटक्यात मागे येते आणि पुन्हा चिकटते. शाळेत भूमितीच्या बाई खडू तिरका धरून फळ्यावर ढकलायच्या आणि टर्रर्र असा आवाज होत एका दमात तुटक रेषा उमटायची, आठवतं? चिकटणं-सुटणं तेच. करकरणाऱ्या बिजागरीतही तेच. फरक इतकाच की बिजागरी स्वैर करकरते आणि व्हायोलिनमध्ये 'आता सूट' हा हुकूम तार स्वतःच देते, तोही घड्याळाच्या काट्यासारखा.

तो कसा? हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका खास सूक्ष्मदर्शकातून वाजती तार पाहिली. डोळ्यांना तार लांबट पानासारखी फुगलेली दिसते, पण कोणत्याही एका क्षणी ती दोन सरळ रेषांची असते आणि त्या रेषांमध्ये एक कोपरा असतो. हा कोपरा तारेवरून धावत असतो. तो गजाखालून घोडीकडे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीकडे, गेला की तार सुटते, घोडीवर आपटून परत आला की तार चिकटते. मग तो वरच्या टोकापर्यंत जाऊन येतो आणि फेरी पूर्ण होते. एका फेरीत एकदा सुटणं, एकदा चिकटणं. व्हायोलिनची तार ३३ सेंटिमीटर धरा, म्हणजे फेरी ६६ सेंटिमीटरची. 'ए' तारेवर अशा ४४० फेऱ्या दर सेकंदाला होतात. गुणाकार केला तर कोपऱ्याचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर भरतो. वादकाच्या हनुवटीखाली विमानाच्या वेगानं काहीतरी पळत असतं आणि आपण बोटांचं कौतुक करत बसतो.

या कोपऱ्याचं सविस्तर गणित मांडणारा माणूस आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. सी. व्ही. रामन यांचा गजानं वाजणाऱ्या तारांवरचा मोठा प्रबंध १९१८ साली कोलकात्यात प्रसिद्ध झाला, 'रामन परिणामा'च्या दहा वर्षं आधी. पुढे त्यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रही बांधलं. त्यात गज स्थिर ठेवून व्हायोलिनच मागे-पुढे सरकवलं होतं! गजाचा दाब किती कमी केला की स्वर तुटतो, हे त्यावर मोजता येत असे. विज्ञान दिनाच्या भाषणांत हे यंत्र कधीच येत नाही, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

इथवर चालू स्वराची गोष्ट झाली. पण स्वर सुरू कसा होतो? तार शांत असते तेव्हा तिच्यावर कोपराच नसतो, तो जन्माला घालावा लागतो. गज हलायला लागतो, तार ओढली जाते, पहिल्यांदा सुटते, एक लाट घोडीकडे आणि एक वरच्या टोकाकडे जाते. दोन्ही परत येतात, त्यांची धक्काबुक्की होते आणि काही फेऱ्यांनंतर एकच कोपरा टिकून राहतो. टिकला तर. दाब कमी पडला तर तार एका फेरीत दोन-तीनदा सुटते आणि स्वराऐवजी 'फुस्स' असा पोकळ, घसरता आवाज येतो. दाब जास्त झाला तर कोपरा येऊन धडका देतो पण तार सुटतच नाही, आणि 'कर्र' ऐकू येतं. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाच्या शेजाऱ्यांना दोन्ही प्रकारांचा सखोल अनुभव असतो.

नॉर्वेचे क्नूट गुट्लर आणि स्वीडनचे अँडर्स आस्केनफेल्ट यांनी १९९७ साली एक साधा प्रश्न विचारला. स्वराच्या सुरुवातीचा हा गोंधळ किती वेळ चालला तरी जाणकार कान खपवून घेतात? उत्तर मिळालं : 'फुस्स' असेल तर सुमारे ९० मिलिसेकंद, 'कर्र' असेल तर सुमारे ५०.

आता हे ५० त्या ७७ च्या शेजारी ठेवा. सावकाश वाजवताना जी सुरुवात चांगली म्हणून खपते, ती सेकंदाला १३ स्वरांच्या वेगात स्वराचा दोन-तृतीयांश भाग खाऊन टाकते. म्हणजे वेगवान वादकाला केवळ बोटं लवकर उचलून भागत नाही, तर प्रत्येक स्वराचा जन्म कित्येक पट अधिक नेटका करावा लागतो. शिवाय सगळ्या तारांना सारखी सवलत नाही. वरच्या 'ई' तारेवर एक फेरी दीड मिलिसेकंदाची, म्हणजे ७७ मिलिसेकंदांत पन्नास फेऱ्या मिळतात. पाच-सात फेऱ्या गोंधळात गेल्या तरी चालतं. खालच्या 'जी' तारेवर फेरी पाच मिलिसेकंदांची, म्हणजे सगळ्या मिळून पंधरा. तिथे सात वाया गेल्या तर निम्मा स्वर संपला. एखादी द्रुत फिरत वरच्या तारांवर मोत्यांसारखी येते आणि तळाला उतरली की तिचा लगदा होतो, तेव्हा दोष दर वेळी वादकाचा नसतो.

गुट्लरनं पुढे याचा आलेखच काढला. एका अक्षावर गजाचा दाब, दुसऱ्यावर गज किती झपाट्यानं वेग घेतो ते म्हणजे त्याचं त्वरण. स्वच्छ सुरुवात या आलेखात एका पाचरीच्या आतच होते. दाब वाढवला तर त्वरणही त्याच हिशेबानं वाढवायला हवं, नाहीतर पाचरीच्या एका कडेला 'कर्र', दुसऱ्या कडेला 'फुस्स'. गज घोडीच्या जवळ नेला की पाचर अरुंद होते. आणि गजाची दिशा उलटली की कोपऱ्याची फिरण्याची दिशाही उलटते, म्हणजे एक गज खाली, एक वर असं वाजवताना दर स्वराला आधीचा कोपरा मारून उलट्या दिशेचा नवा जन्माला घालायचा, सेकंदाला १३ वेळा. एकाच गजात अनेक स्वर घेतले तर ही कटकट बरीच टळते : कोपरा धावतच असतो, बोट फक्त त्याचा रस्ता लांब-आखूड करतं. म्हणून 'सेकंदाला किती स्वर' हा आकडा, गज कसा चालवला हे सांगितल्याशिवाय, अर्धवट आहे. विक्रमांच्या बातम्यांत ते कधी नसतं.

इटालियन व्हायोलिनवादक निकोलो पागानिनीला हे सगळं गणिताशिवाय हातात उतरलं होतं. १८२० साली छापलेल्या त्याच्या २४ कॅप्रिसपैकी (एकट्या व्हायोलिनसाठीच्या छोट्या, अवघड रचना) पाचवीत त्यानं गज चालवण्याची विचित्र पद्धत लिहून ठेवली आहे. तीन स्वर खाली जाणाऱ्या गजात, तेही गज तारेवर टाकून चेंडूसारखा उसळू देत, आणि चौथा वर येणाऱ्या गजात. आता गजाच्या काठीला उसळण्याची स्वतःची लय असते. मुठीकडच्या भागात ती संथ, टोकाकडे जलद. त्या लयीपेक्षा फार हळू वाजवायला गेलात तर गज उसळतच नाही. त्यामुळे ही कॅप्रिस लिहिल्याप्रमाणे वाजवायची तर संथ लयीत तिचा रियाजच करता येत नाही! इथे वेग आणि स्पष्टता एकमेकांच्या विरोधात नाहीत, वेग हीच स्पष्टतेची अट आहे. बरेच वादक मूळ पद्धत सोडून सरळ वर-खाली गज वापरतात आणि त्यांना कुणी हसत नाही.

पागानिनीच्या काळातल्या लोकांकडे मात्र सोपं स्पष्टीकरण होतं : यानं सैतानाशी करार केलाय. त्याची तार खून झालेल्या बाईच्या आतड्याची आहे, अशी वदंता होती. तारा आतड्याच्याच असत, पण मेंढीच्या. ही अफवा नुसती करमणुकीची राहिली नाही. १८४० साली तो वारल्यावर चर्चनं पवित्र भूमीत दफन नाकारलं, आणि इटलीतल्या पार्माच्या दफनभूमीत त्याला जागा मिळायला १८७६ उजाडलं. आज आपण सैतानावर विश्वास ठेवत नाही. आमच्या ग्रुपवर त्याऐवजी ४३२ हर्ट्झ हा 'विश्वाचा मूळ स्वर' असल्याचं फिरतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसानं ठरवलेला. विश्वाला तो कुणी कळवला कोण जाणे.

तार नीट वाजली तरी पुढे कान आहे. १९५० साली मिलर आणि हाइस या संशोधकांनी दोन स्वर सेकंदाला दहाच्या गतीनं आलटून पालटून ऐकवले. स्वर जवळचे असले तर एकच थरथरती ओळ ऐकू येते, पण कंपनसंख्येतलं अंतर साधारण १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या ओळी ऐकू येऊ लागतात, जणू दोन माणसं वाजवताहेत. जर्मन संगीतकार बाखनं १७२० च्या हस्तलिखितातल्या तिसऱ्या पार्टिटाच्या (एकट्या व्हायोलिनसाठीची अनेक भागांची रचना) पहिल्या भागात हेच केलंय. उघडी 'ई' तार सतत मध्ये मध्ये वाजते आणि बाकीचे स्वर तिच्याखालून सरकतात. सावकाश वाजवा, नागमोडी एकच रेघ ऐकू येते. लय वाढवा, एका व्हायोलिनची दोन होतात. स्वर एकेक करून मोजता येत नाहीत, पण रचना उलट जास्त उलगडते. आमच्या काकांना हे ऐकवायला हवं.

आणि शेवटी, वाजवतात ती खोली. चांगल्या सभागृहात आवाज ६० डेसिबलनं विरायला सुमारे दोन सेकंद लागतात. या हिशेबानं ७७ मिलिसेकंदांत मागच्या स्वराचा घुमारा जेमतेम २.३ डेसिबलनं उतरतो, म्हणजे जवळपास तसाच असतो. दोन सेकंदांत २६ स्वर वाजून जातात, ते सगळे कमीअधिक प्रमाणात हवेत तरंगत असतात. ध्वनिशास्त्रज्ञ सभागृहाची स्पष्टता मोजताना पहिल्या ८० मिलिसेकंदांत पोचणारी ऊर्जा मदतीची धरतात आणि नंतरची घुमाऱ्याच्या खाती टाकतात. आपला स्वर ७७ चा. म्हणजे विक्रमी वेगात ही मदतीची ऊर्जा पुरती पोचण्याआधीच पुढचा स्वर सुरू होतो, आणि मागचा त्याच्या पायात येतो. मोठ्या चर्चमध्ये वाजवताना जाणते वादक लय उतरवतात ते यासाठी. व्हिडिओत मायक्रोफोन व्हायोलिनच्या नाकाशी असतो, खोली बाद, त्यामुळे मोबाइलवर ऐकलेली स्पष्टता मागच्या रांगेत बसून मिळेलच असं नाही.

मी तो व्हिडिओ पाव वेगानं लावून पाहिला. वरचे स्वर सुटे निघाले. खालच्या तारेवरचे काही निघाले, काहींच्या जागी नुसता 'फुस्स' होता. काकांचा कान बरोबर होता.

गुट्लर स्वतः डबल बास वाजवायचा. त्या वाद्याची सर्वात खालची तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, म्हणजे कोपऱ्याची एक फेरी २४ मिलिसेकंदांची. भुंगा त्या तारेवर उडवायचा तर प्रत्येक स्वराला फेऱ्या मिळतात तीन. त्यातच तो सुरू व्हायचा, लागायचा आणि संपायचा.