ट्रेव्हर पिंच आणि राजाराम बंधारा

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा सगळं शहर त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसलं होतं.

गंमत अशी, की कसबा बावड्याजवळचा पंचगंगेवरचा हा बंधारा पूर मोजायला बांधलेलाच नाही. तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे, शेतीसाठी पाणी अडवणारा. पात्रात ओळीने खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी करून मधल्या फटीत माती ठासत. मृग जवळ आला की बरगे काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. काठावरच्या ऊसवाल्याला हा बंधारा म्हणजे मोटरीखालचं पाणी. पलीकडच्या गावच्या दुचाकीवाल्याला तो पूल, पाण्याखाली गेला की लांबचा वळसा. पूरपट्ट्यात राहणाऱ्याला ती फूटपट्टी. मग बंधारा नेमका काय आहे?

विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ ट्रेव्हर पिंच यांनी पंचगंगेवर काही लिहिलेलं नाही. पण अगदी असाच प्रश्न त्यांनी सायकलीला विचारला, आणि तंत्रज्ञानाच्या अभ्यासाला एक नवं वळण मिळालं.

पिंच यांचा जन्म 1952 चा, उत्तर आयर्लंडमधला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकले, पुढे मँचेस्टरला समाजशास्त्राकडे वळले आणि बाथ विद्यापीठात डॉक्टरेटला बसले. विषय घेतला सूर्यापासून येणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांचा. अमेरिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत खोलवर, कपडे ड्रायक्लीन करायला वापरतात त्या द्रवाची जवळजवळ पावणेचार लाख लिटरची टाकी भरून रे डेव्हिस हे शास्त्रज्ञ ते कण मोजत होते, आणि ते अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांशच सापडत होते. चूक प्रयोगात की सिद्धांतात? पिंच यांना या उत्तरापेक्षा वैज्ञानिक आपापसात ते कसं ठरवतात, कुणाचं कशामुळे पटतं, यात रस होता. (डेव्हिस बरोबर होते. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, हे पुढे सिद्ध झालं आणि 2002 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.)

मग सायकल. 1984 साली वीबे बायकर या डच अभियंत्याबरोबर पिंच यांनी एक निबंध लिहिला. पुढचं चाक पुरुषभर उंच असलेली जुनी सायकल आपण चित्रात पाहतो आणि हसतो. असली कसली गाडी, पडायला होणारच! पण ती पडण्याची भीती हेच तिचं आकर्षण होतं, धाडसी तरुणांसाठी. बायकांना, वयस्कांना तीच गाडी धोक्याची वाटे. म्हणजे रस्त्यावर यंत्र एक होतं, पण लोकांच्या लेखी सायकली दोन होत्या. डनलॉप यांनी 1888 मध्ये हवेचा टायर आणला तो हादरे कमी करायला. शर्यतवाल्यांनी टिंगल केली, कारण हादऱ्यांची त्यांना फिकीरच नव्हती. त्या टायरच्या सायकली शर्यती जिंकू लागल्या आणि टिंगल बंद पडली. आजची सायकल 'चांगली' होती म्हणून टिकली असं आपण म्हणतो. पिंच आणि बायकर यांचं म्हणणं, चांगली म्हणजे काय हेच आधी भांडून ठरावं लागलं.

मला स्वतःला त्यांचा 1996 चा, रोनाल्ड क्लाइन यांच्यासोबतचा निबंध अधिक आवडतो. विषय अमेरिकेतली खेडी आणि मोटारगाडी. सुरुवातीला शेतकऱ्यांनी गाड्यांना कडाडून विरोध केला. घोडे बुजतात म्हणून रस्ते खणून ठेवले. पुढे फोर्डची स्वस्त मॉडेल टी दारात आली, तेव्हा याच लोकांनी मागचं एक चाक जॅकवर उचललं, त्याला पट्टा लावला आणि गाडीवर मक्याची कणसं सोलली, लाकडं कापली, कपडेही धुतले. कारखान्यातून प्रवासाची गाडी निघाली होती, अंगणात तिचं इंजिन झालं. एकाच ऑइल इंजिनावर कधी विहिरीचा पंप तर कधी गुऱ्हाळाचा चरक फिरताना पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या विचारावर टीकाही झाली, आणि ती मला वजनदार वाटते. तंत्रज्ञानाचे अभ्यासक लँग्डन विनर यांनी 1993 मध्ये विचारलं, की ज्यांचा आवाज चर्चेपर्यंत पोहोचतच नाही त्यांचं काय? बंधाऱ्याचंच बघा. उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की मोटरवाला ओरडतो, मोर्चा काढतो. ज्याच्याकडे काठाला शेतच नाही त्याला बंधाऱ्याविषयी काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. पिंच यांच्या पद्धतीत आधी गट शोधायचे असतात. न दिसणारा गट शोधायचा कसा, याचं उत्तर त्यात कच्चंच राहतं.

1990 पासून पिंच कॉर्नेल विद्यापीठात होते. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या हाताने सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर निर्माण करणारं वाद्य, जोडला होता. 2002 मध्ये फ्रँक ट्रोको यांच्याबरोबर त्यांनी त्या वाद्यावर पुस्तक लिहिलं. रॉबर्ट मूग यांनी सिंथेसायझरला पियानोसारख्या पट्ट्या दिल्या. डॉन बुकला यांनी नकार दिला. पट्ट्या आल्या की जुनंच संगीत वाजणार, असं त्यांचं मत. वाजवणारे मूगकडे गेले. डिसेंबर 2021 मध्ये पिंच गेले, तोवर ते स्वतः सिंथेसायझर वाजवतच होते.

इथे मला पेटी आठवते. युरोपातलं पायानं भाता मारायचं हे वाद्य कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याचं, मांडी घालून वाजवण्याजोगं केलं. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी मैफलीत त्याला मान मिळवून दिला. श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा, आग्रह धरणाऱ्यांना मात्र त्या ठरावीक सुरांच्या पट्ट्या खटकत राहिल्या. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती काही दशकं टिकली. त्या सगळ्या काळात गावोगावची भजनी मंडळं रात्री पेटीवरच गात होती.