थंडी आधी बॅटरी गाठते

कडाक्याच्या थंडीत सकाळी किल्ली फिरवली, स्टार्टर दोनदा कण्हला आणि गप्प झाला, की दोष त्या रात्रीच्या गारठ्याला दिला जातो. बहुतेकदा मात्र ती बॅटरी आदल्या उन्हाळ्यातच खंगलेली असते. उष्णतेमुळे तिच्यातल्या शिशाच्या प्लेटा लवकर झिजतात. उन्हाळ्यात ते कळत नाही, कारण तेव्हा इंजिन सहज फिरतं. म्हणून बॅटरी तपासायची ती थंडी पडण्याआधी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२च्या आसपास असतील तर जवळजवळ रिकामी.

बॅटरीची वीज शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या रासायनिक क्रियेतून येते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरीचा जोर निम्म्याच्या आसपास येतो. नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइलही घट्ट होतं, म्हणजे जास्त जोर हवा तेव्हाच तो कमी पडतो. ऑइलच्या डब्यावर '५डब्ल्यू-३०' असं लिहिलेलं असतं. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. आपल्या इंजिनाला कोणतं चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावं.

बॅटरी उतरू देण्यात आणखी एक धोका आहे. वीज खर्च होते तसं आतलं आम्ल वापरलं जातं आणि पाणी तयार होतं. भरलेल्या बॅटरीतलं द्रावण उणे ५० अंशांनाही गोठत नाही; रिकाम्या बॅटरीतलं उणे १०च्या आसपासच गोठू लागतं आणि मग तिचं कवच तडकू शकतं. गोठलेल्या बॅटरीला चार्जर किंवा जंप केबल कधीही लावू नका, ती फुटू शकते.

रेडिएटरमधल्या कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गोष्ट मला फार आवडते. साधं पाणी ० अंशाला गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. इंजिनाचा ओतीव ब्लॉक फोडायला तेवढं पुरतं. त्यात मिसळायचं एथिलीन ग्लायकॉल एकटं असेल तर उणे १३ला गोठतं. पण दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं, की मिश्रण उणे ३७पर्यंत द्रव राहतं! दोघांचे रेणू एकमेकांना स्फटिकाच्या रांगेत बसू देत नाहीत. त्यामुळे 'जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण' हा समज चुकीचा आहे.

टायरमधली हवा थंडीत आकसते. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने घटतो. दाब मोजायचा तो गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं आणि त्याची पकड सुटू लागते. हिवाळी टायरचं रबर मऊच राहतं. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो बर्फाळ रस्त्यावरच्या चाचणीत उतरलेला असतो. असे टायर चारही चाकांना हवेत. दोनच बदलले तर वळणावर गाडीचं एक टोक धरून ठेवतं आणि दुसरं घसरतं.

काचेवर बर्फ साचला तर गरम पाणी ओतू नका, एकदम तापून काच तडकते. आतली वाफ घालवायला मात्र थंडीतही एसी लावावा, तो हवेतला ओलावा काढून घेतो. आणि बर्फात अडकून गाडी चालू ठेवायची वेळ आलीच, तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ हाताने दूर करा. तो साचलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरतो आणि त्याला ना रंग असतो, ना वास.