मीटर म्हणतो ठीक, भेग मात्र वाढतेच

जमिनीत पुरलेला पोलादी पाइप गंजू नये म्हणून त्याला संरक्षक विद्युतप्रवाह देतात. तो पुरतोय का हे पाहायला पाइपलाइनच्या चाचणी-खांबाला मीटर लावायचा, तुलनेसाठीचा कॉपर सल्फेट इलेक्ट्रोड मातीत टेकवायचा आणि उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून ऋण आकडा दिसला की पाइप सुरक्षित धरायचा, असा सर्रास समज आहे. १९८० च्या दशकात कॅनडातल्या वायुवाहिन्यांना भेगा पडल्या आणि तो खोटा ठरला.

त्या पाइपांवर पॉलिथिलीनची टेप गुंडाळलेली होती. पाइपच्या लांबीभर जाणाऱ्या वेल्डचा उंचवटा आला की टेप त्याच्या कडांना पोलादाला टेकत नाही. तंबूसारखी पोकळी राहते, तिच्यात भूजल शिरतं. टेप विद्युतरोधक, त्यामुळे संरक्षक प्रवाह आत पोचतच नाही. मीटर सांगतो ते टेपबाहेरचं.

हे पाणी काही जहाल नसतं. पीएच ६ ते ७.५, थोडं बायकार्बोनेट, कुजत्या पाल्यातला कार्बन डायऑक्साइड. प्रयोगशाळेत ते असं बनवतात: लिटरमागे सोडियम बायकार्बोनेट ०.४८३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१२२, स्फटिकी कॅल्शियम क्लोराइड ०.१८१, स्फटिकी मॅग्नेशियम सल्फेट ०.१३१, आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला नायट्रोजन त्यातून सतत सोडायचा.

आता ताण, कारण भेग पडायला पाण्यासोबत तोही लागतो. समजा पाइप असा: ९१४ मिमी व्यास, १० मिमी जाडी, ६.९ मेगापास्कल दाब. दाब गुणिले व्यास, भागिले दुप्पट जाडी: ३१५ मेगापास्कल. एक्स-६५ हे पाइपचं पोलाद ४४८ ला कायमचं ताणलं जातं, म्हणजे आपण ७० टक्क्यांवर आहोत. ताण परिघाच्या दिशेने, म्हणून भेगा पाइपच्या लांबीला, झुंडीने.

बहुतेक भेगा मिलिमीटरभर खोल जाऊन थंडावतात. दाब स्थिर असला की भेगेचं टोक बोथटतं. खरी गंमत पुढे आहे. गंजताना सुटलेला अणुरूप हायड्रोजन पोलादात मुरतो आणि टोकापुढच्या सर्वाधिक ताणलेल्या भागात गोळा होतो. कॉम्प्रेसर बंद पडून दाब बराच उतरला की टोक उलटं दाबलं जाऊन पुन्हा धारदार होतं. मग एरवी निरुपद्रवी असलेले बारीक चढउतारही भेग पुढे ढकलतात. दाबाच्या चढउताराचा फेरा संथ असेल तर हायड्रोजनला टोकाशी पोचायला सवड मिळते, फेऱ्यामागे वाढ जास्त होते. कॉम्प्रेसरच्या निर्गम बाजूला भेगा जास्त सापडतात त्या यामुळे. ‘एकदा गुंडाळा, ५० वर्षं विसरा’ छापाच्या जाहिरातींना हे फेरे कुणी सांगितलेले नसतात.

पिग म्हणजे पाइपच्या आतून फिरणारं तपासणी यंत्र. लांबीच्या दिशेने चुंबकणारा नेहमीचा पिग लांबीलाच असलेल्या या अरुंद भेगा चुकवतो. म्हणून खड्डा खणून टेप काढायची, पोलाद घासायचं, पांढरा रंग फवारायचा, योकने (हातात धरायच्या विद्युतचुंबकाने) चुंबकीय क्षेत्र भेगांना आडवं द्यायचं आणि काळ्या लोहचूर्णाचा द्राव सोडायचा. भेगा काळ्या रेषांनी उमटतात. उथळ असतील तर ग्राइंडरने काढून उरलेली जाडी मोजायची, खोल असतील तर पाइपभोवती पोलादी स्लीव्ह, म्हणजे बाही, बसवायची. वर पुन्हा टेप नको, इपॉक्सीचा लेप: तो सुटला तरी संरक्षक प्रवाह बहुतेक अडवत नाही.