जोर घेतले, खुराक विसरले

औषध कंपनीत एमआर म्हणून, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी म्हणून, चार वर्षं बॅग घेऊन फिरलो. दर महिन्याच्या २८ तारखेला आमच्या मॅनेजरच्या अंगात हमखास क्रिकेट यायचं. "शेवटची ओव्हर आहे, सुटायचं नाही!" मग स्टॉकिस्टला, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याला, फोन: "शेठ, दहा पेट्या जास्त उचला, नाही खपल्या तर बघू." क्लोजिंग, म्हणजे महिनाअखेरचं विक्रीचं टार्गेट, साधलं जायचं. १ तारखेला सगळी टीम टपरीवर गळपटून बसलेली, आणि शेठकडे जुनाच माल पडून असल्यामुळे नवी ऑर्डर नाही.

हे रडगाणं सगळीकडचंच. पॉल ओयर या अर्थतज्ज्ञानं १९९८ साली अमेरिकी उत्पादक कंपन्यांबद्दल हेच दाखवलं: आर्थिक वर्षाच्या शेवटी विक्री फुगते, नवं वर्ष लागलं की बसते. यातली बरीचशी विक्री वाढलेली नसते, नुसती पुढची अलीकडे ओढलेली असते.

गंमत म्हणजे मॅनेजर खेळाचे दाखले द्यायचा, पण खेळाडूचं शरीर चालतं ते नेमकं उलटं. १९६६ साली स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच व्यायामाच्या सायकलला दोघे दोन बाजूंनी भिडले आणि प्रत्येकानं एकाच पायानं, पाय पार गळेपर्यंत पेडल मारलं. दुसरा पाय निवांत. नंतर तीन दिवस आराम आणि पिष्टमय पदार्थांवर भर असलेलं जेवण. मांडीत सुई घालून स्नायूचे बारीक तुकडे काढले, तेव्हा दिसलं की दमलेल्या पायातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूतल्या इंधनाचा, साठा आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. पेडल मारताना तो संपला होता. भरला नंतर, जेवणाखाण्यात आणि पडून राहण्यात. तालमीतल्या वस्तादाला यात नवल वाटणार नाही. पहाटेच्या जोर-बैठकांइतकीच त्याची नजर पोरांच्या खुराकावर आणि दुपारच्या झोपेवर असते.

स्पर्धा जवळ आली की तर सराव चक्क कमी करतात. धावपटू, जलतरणपटू आणि सायकलपटूंवरच्या अभ्यासांचा २००७ साली एकत्रित आढावा घेतला गेला. सर्वात जास्त फायदा दिसला तो सुमारे दोन आठवडे सरावाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी उतरवल्यावर. वेग आणि ताकद मात्र उतरवायची नाही. अंतर कमी, धार तीच.

स्टॅनफर्डच्या बास्केटबॉल खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, तर त्यांचे फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केटवर मारायचे नेम, नऊ टक्क्यांनी सुधारले. पण खेळाडू अवघे अकरा आणि तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे या एका प्रयोगावर फार इमले बांधू नयेत. शिवाय डॉक्टरांपुढे बोलणारा माणूस म्हणजे काही मांडीचा स्नायू नव्हे, हेही खरं.

तरी पुढे आलेल्या मॅनेजरबाईंनी, हे शास्त्र माहीत असो-नसो, एक बदल केला. जोर पहिल्या तीन आठवड्यांत. शेवटच्या आठवड्यात रोजचे अकरा कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, सहावर आणले. पण ते सहा पूर्ण तयारीनं, डॉक्टरांनी मागच्या वेळी काय विचारलं होतं ते डायरीत बघूनच. पहिल्या महिन्यात मला चोरट्यासारखं वाटत होतं.

३० तारखेला शेठचाच फोन आला. "काय रे, आजारी आहेस का? पेट्यांचं काही बोलला नाहीस."