हिरड्यांचं दुखणं आणि मोडाची उसळ

हिरड्यांतून रक्त येतंय म्हटलं की घरातलं कोणीतरी आवळा पुढं करतं, कोणी पेरू, कोणी लिंबू. मटकीच्या उसळीचं नाव मात्र सहसा निघत नाही. ते निघायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्यामागची हकिगत आपल्याच किनाऱ्यापासून सुरू होते.

5 ऑक्टोबर 1498 रोजी वास्को द गामाची जहाजं कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परतीला निघाली. (हे बेट आज गोव्याच्या हद्दीत येतं.) वारा कधी पडलेला, कधी उलटा. अरबी समुद्र ओलांडायला तीन महिन्यांना तीनच दिवस कमी लागले. ताफ्यातल्या एकाने लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, त्यांना घास खाता येईना, पाय आणि अंग सुजलं, असं तीत लिहिलंय. त्या एवढ्या टप्प्यात 30 माणसं गेली. एकेका जहाजावर उभं राहून काम करू शकणारे सात-आठच उरले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचताच आजाऱ्यांनी संत्री मागितली. म्हणजे उपाय कशात आहे याचा अंदाज खलाशांना तेव्हाही होता.

हा आजार म्हणजे स्कर्व्ही. अंदाजाची खात्री व्हायला मात्र अडीचशे वर्षं गेली. 1747मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने ‘सॅलिसबरी’ जहाजावर 12 आजारी खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि जेवण एकच ठेवून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला सफरचंदाची दारू, कोणाला व्हिनेगर, कोणाला नुसतं समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्यांतला एक जण कामावर रुजू होण्याइतका सावरला होता. तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला 1795 उजाडलं. पुढं एकोणिसाव्या शतकात त्याच नौदलाने स्वस्त पडतो म्हणून वेस्ट इंडीजमधल्या दुसऱ्या जातीच्या लिंबाचा रस घेतला. त्यात गुण कमी होता, आणि 1875च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत स्कर्व्ही परत आली. आंबटपणात औषध आहे अशी समजूत होती, त्याची ही किंमत.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते कुतचं प्रकरण. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमारा इथं पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्की वेढ्यात सापडली. तीत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलं तेव्हा गोऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं. आपल्या शिपायांना ते धर्माने, रीतीने चालणारं नव्हतं. बहुतेकांनी ते अगदी शेवटी, नाइलाज झाल्यावरच घेतलं. ताजी भाजी जवळजवळ नव्हतीच. परिणाम असा की मैद्यावर राहिलेल्या गोऱ्यांना आधी बेरीबेरी (ब1 जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा आजार) झाला, आणि कोंड्यासकट पीठ खाणारे आपले लोक त्यातून बचावले, पण त्यांना स्कर्व्हीने गाठलं. हिरड्या सुजलेल्या माणसाला भाकरी चावता येत नाही. उपासमारीत याहून वाईट काय असेल?

त्याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम गिनीपिगांवर प्रयोग करत होत्या. त्यांनी दाखवून दिलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारं तत्त्व जवळजवळ नसतं, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की ते तयार होतं. 1918मध्ये सर्बियन सैनिकांवर मोडाच्या घेवड्याचा उपयोग केला, तेव्हा तो लिंबाच्या रसापेक्षा कमी पडला नाही. यात एक मेख आहे. दाणा अख्खाच हवा, दळलेल्या-भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. हिंदी शिपायाच्या शिध्यात डाळ असे.

ते तत्त्व म्हणजे क जीवनसत्त्व. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी 1928मध्ये ते वेगळं काढलं, 1932पर्यंत त्याची ओळख पटली, आणि 1937मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हिरडी आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. ते सतत झिजतात आणि नव्याने विणले जातात. या विणीला क जीवनसत्त्व लागतं. हे जीवनसत्त्व कमी पडलं की झीज चालू राहते, भर पडत नाही, म्हणून हिरड्या सुजतात आणि त्यांतून रक्त येतं. स्कर्व्ही टाळायला दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅमही पुरतं, हे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 1944च्या प्रयोगाने दाखवलं. एका पेरूत त्याच्या कितीतरी पट असतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आज हिरड्यांतून रक्त येतं त्याचं बहुतेक वेळा कारण दातांच्या मुळाशी साचलेला जंतूंचा थर असतं. तो ब्रशने आणि दंतवैद्याकडे जाऊनच निघतो, आवळ्याने नाही. पण चहा-बिस्किटावर दिवस काढणारे एकटे म्हातारे लोक, दात नाहीत म्हणून फळं आणि भाजी सोडलेले आजी-आजोबा यांच्या बाबतीत ताटाकडेही बघावं. त्यांना मटकी किंवा मूग मऊ करून देता येतात. फार शिजवू नयेत, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नासतं. मोड काढून दोन-तीन दिवस ठेवण्यापेक्षा ताजे असतानाच वाफवावेत, आणि लिंबू पातेलं खाली उतरवल्यावरच पिळावं.