पहिल्या वर्षाचे मार्क कोणी बघत नाही? बघतात!

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात कुठल्याही घरी जा, बारावी झालेल्या पोराला कोणीतरी काका सांगणारच, पहिलं वर्ष मजा कर रे, मार्क शेवटच्या वर्षाचेच बघतात. अहो काका, तुमच्या वेळी असेल! आता सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची क्रेडिटनुसार, म्हणजे विषयाच्या वजनानुसार, सरासरी. परवा सेवउसळ खाताना भाच्याला पेपर नॅपकिनवरच मांडून दाखवलं, इंजिनिअरिंगची ८ सेम, क्रेडिट सारखे धरले, पहिल्या दोनात ६ आणि पुढच्या सहाही सेमला घासून ८ आणले तरी शेवटी ७.५च, ८ काही होत नाही. भाचा म्हणतो, मामा, मग माझी पहिल्या सेमची एटीकेटी, तो राहिलेला विषय? म्हटलं, आधी ती काढ, मग दुसरी प्लेट.