उजव्या कोपऱ्यातलं प्रमाण: बाजाराच्या आलेखाची पार्श्वभूमी

जुलै संपत आला की सांगलीत फोनवर कृष्णेच्या पाण्याचा एकच आकडा फिरायला लागतो. आयर्विन पुलाजवळ पाणी किती? 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 साली पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. तेव्हापासून प्रत्येक गल्लीचा स्वतःचा आकडा ठरलेला आहे, की इतके फूट झाले की आपल्या पायरीला लागतं. पण नुसता आकडा ऐकून कुणाचं भागत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "चढतंय का उतरतंय?" आणि त्यामागोमाग, "तासाला किती?" गल्लीत पाणी शिरलं की लोक कडेला एक वीट ठेवतात, नाहीतर भिंतीवर कोळशाची रेघ ओढतात. आत जाऊन चहा पिऊन येतात आणि बघतात, वीट बुडाली का अजून कोरडी आहे.

"मला बाबा ते शेअर बाजाराचे आलेख कळत नाहीत" म्हणणाऱ्याला मी या विटेची आठवण करून देतो. ही उपमा माझ्या पदरची नाही. चार्ल्स डाऊ या अमेरिकन पत्रकाराने जानेवारी 1901 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये जवळपास हेच लिहिलं होतं. भरती कुठवर येणार हे बघायचं असेल तर लाट जिथवर पोचते तिथे वाळूत काठी रोवा. पुढची लाट त्याच्या पुढे गेली तर काठी पुढे सरकवा. लाटा काठीपर्यंत यायच्या थांबल्या आणि मागे हटू लागल्या की भरती उलटली. बाजाराचा कल असाच ओळखावा, असं त्याचं म्हणणं. फरक एवढाच, की समुद्राला भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं आणि बाजाराला नसतं. त्या बाबतीत बाजार आपल्या कृष्णेच्या जास्त जवळचा.

डाऊकडे काठीही होती. रोज शेकडो शेअर्सचे भाव छापून यायचे, पण बाजार एकूण वर गेला की खाली, हे एका आकड्यात सांगायची सोय नव्हती. त्याने 1884 मध्ये 11 कंपन्यांची सरासरी काढायला सुरुवात केली. त्यातल्या नऊ रेल्वेच्या होत्या. मग 26 मे 1896 रोजी 12 औद्योगिक कंपन्यांची वेगळी सरासरी आली, तोच आजचा डाऊ जोन्स. पद्धत दिवाणजीला जमेल अशी: 12 भावांची बेरीज करायची आणि 12 ने भागायचं. पहिल्या दिवशी उत्तर आलं 40.94. त्या यादीतली जनरल इलेक्ट्रिक सोडली तर पुढच्या काळात कुणाचं नाव घरोघर टिकलं नाही, आणि जनरल इलेक्ट्रिकही 2018 मध्ये यादीतून गेली. अशा सरासरीची, म्हणजे निर्देशांकाची, रेघ सलग दिसते, पण ती ओढणारे खांदेकरी बदलत असतात. दमलेल्याला बाजूला करून ताज्या दमाचा घेतात. सव्वाशे वर्षांची चढती रेघ बघताना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

आलेख ही वस्तू मात्र डाऊच्याही शंभर वर्षं आधीची. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडे तो नकाशे काढायच्या नोकरीत होता. 1786 मध्ये त्याने लंडनला एक संग्रह छापला. त्यात 44 आकृत्या होत्या आणि बहुतेक इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या: आडवी वर्षं, उभे पौंड, मधून जाणाऱ्या रेघा. पैसा हा उंचीने दाखवायचा, ही कल्पना तेव्हा लोकांना विचित्र वाटेल याची त्याला जाणीव होती. म्हणून त्याने समजावलं, की एखाद्या दुकानदाराने रोज रात्री दिवसाच्या गल्ल्यातल्या गिनी एकावर एक रचून ठेवल्या तर प्रत्येक चळत म्हणजे एक दिवस, आणि चळतीची उंची म्हणजे त्या दिवसाची विक्री. आपल्या पेठेत संध्याकाळी गल्ला मोजताना दहाच्या नाण्यांच्या चळती लावतात, तेच चित्र.

त्याच संग्रहात स्कॉटलंडची आकृती वेगळी आहे. तिथला त्याच्याकडे एकाच वर्षाचा हिशेब होता, मग रेघ ओढणार कशाची? त्याने प्रत्येक देशाशी झालेल्या व्यापाराचे आडवे पट्टे काढले. आज ज्याला आपण स्तंभालेख म्हणतो तो असा आकडे कमी पडले म्हणून जन्माला आला. तुकडे केलेला गोल, म्हणजे आपला वृत्तालेख, त्यानेच 1801 मध्ये आणला. दहावीच्या गणिताच्या वहीतली निम्मी कारागिरी या एका माणसाची.

मेणबत्तीसारखे दिसणारे लाल-हिरवे आलेख हल्ली मोबाईलवर सगळ्यात जास्त दिसतात. ते जपानकडून आले. ओसाकाच्या दोजिमा पेठेत तांदळाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज ठरवलेल्या भावाचे सौदे, चालायचे आणि 1730 मध्ये तिथल्या सत्तेने त्यांना अधिकृत मान्यता दिली. होन्मा नावाच्या तांदूळ व्यापाऱ्याने ही मेणबत्ती शोधली असं सर्रास सांगतात. तो मोठा व्यापारी होता यात शंका नाही, पण आलेखाचं हे रूप बहुधा त्याच्या नंतरच्या काळातलं आहे. शोध कुणाचाही असो, युक्ती सुंदर आहे. एका दिवसाचे चार भाव, म्हणजे उघडला तो, बंद झाला तो, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा, एकाच आकृतीत बसतात. मधलं जाड अंग उघडण्या-बंद होण्यातलं, वर-खाली निघालेल्या वाती टोकांच्या भावांच्या. जपानात चढत्या दिवसाला लाल वापरतात, आपल्याकडे उतरत्याला. तिकडचा पडदा बघून इकडच्या माणसाने हाय खाऊ नये.

आता मुंबई. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 पासून तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शेअर्सचा सट्टा माजला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. त्या पडझडीतून वाचलेल्या दलालांनी 1875 मध्ये संघटना बांधली, तोच मुंबई शेअर बाजार. गंमत अशी, की या बाजाराला सेन्सेक्स, म्हणजे स्वतःचा निर्देशांक, मिळाला थेट 1986 च्या जानेवारीत, म्हणजे 111 वर्षांनी. पायाभूत वर्ष 1978-79 धरलं आणि त्याला 100 म्हटलं. तेव्हा 1979 पासूनचा सेन्सेक्सचा आलेख दिसला की लक्षात ठेवायचं, पहिली काही वर्षं मागाहून मोजलेली आहेत.

सांगलीला भावाची नोंद ठेवायला मुंबईने शिकवलं नाही. इथे हळद होती. हरिपुरात कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची जमीन अशी, की तिच्यात खोल खड्डे खणून हळद साठवता यायची. ती पेवं. पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची, म्हणून भाव नाही पटला तर थांबता यायचं. थांबता आलं की वायदा आला. माल जमिनीखाली पडून राहायचा आणि वर त्याचे मालक बदलत राहायचे. हळदीच्या वायद्यांसाठी सांगलीत मान्यताप्राप्त एक्स्चेंज होतं, आणि 2004 पासून हा व्यवहार देशपातळीवर संगणकाच्या पडद्यावर गेला. त्याच्या पुढच्याच वर्षीच्या महापुरात हरिपूरची कितीतरी पेवं गेली.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. रोजकीर्द आणि खतावणी दुकानाची, पण त्यांची स्वतःची एक लांबट वही वेगळी असायची. तारीख, आवक किती पोती, किमान, कमाल, सर्वसाधारण, आणि शेवटी एक रुंद रकाना: शेरा. दहावीत असताना मी त्या वहीतल्या राजापुरी हळदीच्या एका वर्षाच्या भावाचा आलेख काढला. जानेवारीत नवी हळद येते, मार्च-एप्रिलला यार्ड पिवळं होतं, सगळं त्यात दिसत होतं. मोठ्या ऐटीत शाळेत नेला. गणिताच्या बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "उजव्या कोपऱ्यात प्रमाण कुठाय? एक सेंटिमीटर म्हणजे किती रुपये? त्याशिवाय ही नुसती चढण-उतरण आहे, घाटाचं चित्र." अर्धा मार्क गेला.

तो अर्धा मार्क मला पुढे फार उपयोगी पडला. सेन्सेक्सचंच घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे 10,000 अंक, असं प्रमाण धरून आलेख काढू, कारण 2024 मध्ये सेन्सेक्स 80,000 पार झाला आणि कागद तेवढाच आहे. एप्रिल 1992 मध्ये, रोखे घोटाळा उघडकीस यायच्या सुमारास, सेन्सेक्स 4,467 वर होता. वर्षभरात तो निम्म्याच्याही खाली आला. कितीतरी घरांतली पुंजी त्यात गेली. आपल्या कागदावर ही पडझड भरते जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणजे बोथट पेन्सिलीची रेघ. आणि 23 मार्च 2020 चा एकच दिवस, जेव्हा सेन्सेक्स 3,935 अंकांनी, म्हणजे 13 टक्क्यांनी पडला, तो चार मिलिमीटर. डोळ्यांना 1992 पेक्षा 2020 चा तो एक दिवस मोठा वाटणार. यावर तोडगा जुना आहे. उभ्या अक्षावर सारखे अंक न घेता सारखी पट घ्यायची. 1,000 ते 2,000 जेवढं अंतर, तेवढंच 40,000 ते 80,000. बहुतेक ॲपमध्ये 'लॉग' नावाचं एक बारीक बटण असतं, ते हेच करतं. दाबून बघा. 1992 चा कडा एकदम अंगावर येतो.

हळदीतही तेच. वायद्याचा भाव 2010 मध्ये क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेला आणि 2012 च्या सुरुवातीला चार हजारांच्या घरात आला. तीन चतुर्थांश गेले की जागेवर यायला चौपट लागते, हे साध्या आलेखात दिसत नाही. 2023-24 मध्ये भाव पुन्हा पंधरा हजारांच्या पलीकडे गेला, तेव्हा यार्डात विक्रमाची भाषा सुरू झाली. मधल्या काळात महागाईचा निर्देशांक साधारण दुप्पट झाला होता. तो वजा केला तर 2010 चाच डोंगर उंच.

सरकारी आकड्यांच्या आलेखात फसगत आणखी वेगळी होते. 2020 च्या एप्रिल ते जून तिमाहीत टाळेबंदीमुळे देशाचं उत्पन्न सुमारे 24 टक्क्यांनी आकसलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत 20.1 टक्के वाढ झाली आणि स्तंभ गगनाला भिडला. हिशेब करा: 100 चे 76 झाले, 76 वर 20 टक्के म्हणजे 91. स्तंभ उंच आणि आपण अजून खड्ड्यात. पाणी चढतंय का उतरतंय हा एक प्रश्न, आणि पाणी किती हा दुसरा. बातमीत पहिल्याचं उत्तर देतात आणि ऐकणारा ते दुसऱ्याचं समजतो.

मोबाईलवर पडदा आल्यापासून आलेखाच्या आकारावरून उद्याचा भाव सांगणाऱ्यांचं पेव फुटलं आहे. हे पेव हरिपूरचं नाही, त्यातून काही टिकाऊ निघत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये स्वतःची पाहणी जाहीर केली. त्यानुसार तीन आर्थिक वर्षांत शेअर्सच्या वायदे-व्यवहारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते. आलेख त्या सगळ्यांच्या समोर होता.

वडील गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यातले भाव मी संगणकावर चढवले. या वेळी प्रमाणही लिहिलं, पटीचं. रेघ छान आली. मग ताळा घ्यायला वह्या पुन्हा उघडल्या, तर नजर शेवटच्या रकान्यावर गेली. "निजामाबादला पाऊस." "हमालांचा बंद." "गिऱ्हाईक आहे, माल नाही." 2005 च्या ऑगस्टच्या एका तारखेला आवक शून्य, भावाचे तिन्ही रकाने कोरे, आणि शेऱ्यात वडिलांच्या तिरप्या अक्षरात एवढंच: "हरिपूर पाण्यात." माझ्या आलेखात त्या जागी संगणकाने आदल्या ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत एक सरळ रेघ ओढून दिली होती.